‘वाद’ म्हणजे भांडण नव्हे

नागपूरच्या एका वाचकाने विचारले आहे की, हिवाळी अधिवेशनाच्या बातम्यांत सभागृहात ‘वाद झाला’ असे छापून आले की भांडण झाले असाच अर्थ घेतला जातो. मग निरनिराळ्या धर्मांच्या आणि नीतिपरंपरांच्या लोकांनी राजकारणात एकमेकांशी बोलावे, यासाठी ‘संवाद’ हाच शब्द योग्य नव्हे काय?

मला तसे वाटत नाही. ‘संवाद’ या शब्दात जुळण्याचा अर्थ मुळातच आहे. गाण्यातला संवादी स्वर वादीशी, म्हणजे रागातल्या मुख्य स्वराशी, जुळतो म्हणून संवादी, आणि मने जुळेनाशी झाली की आपण विसंवाद म्हणतो. जिथे मतभेद राहणारच आहेत, तिथे हा शब्द सहमतीची अट आधीच घालून ठेवतो.

न्यायसूत्रांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथाने, चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार सांगितले आहेत. वादात दोघेही आपापला पक्ष, म्हणजे आपापले म्हणणे, घेऊन प्रमाण (पुरावा) आणि तर्क यांच्या आधारे बोलतात. जल्पात जिंकायचे असते, म्हणून छलही, म्हणजे समोरच्याच्या शब्दाचा मुद्दाम भलताच अर्थ घेणेही, चालतो. त्याचे ठरलेले उदाहरण असे: ‘हा नवकंबल आहे’, म्हणजे याच्याकडे नवे कांबळे आहे, असे कोणी म्हटले की समोरच्याने ‘नऊ कुठे आहेत? एकच तर दिसते’ असे म्हणायचे. (आपल्या लोकप्रतिनिधींना हे शिकवावे लागत नाही.) वितंडेत स्वतःचा पक्ष मांडायचाच नसतो, दुसऱ्याचा फक्त खोडायचा असतो. त्यामुळे नुसता आरडाओरडा करणाऱ्याला वितंडवादी म्हणणे चूक आहे. उलट, स्वतःचे काहीच न मांडता प्रत्येक सूचना मोडीत काढणारा कितीही सौम्य बोलला, तरी तो वितंडवादीच.

खरा वाद पाहायचा तर 17 ऑक्टोबर 1949 चे संविधान सभेचे कामकाज वाचावे. नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्यप्रांत-वऱ्हाडातून गेलेले ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ व्हावी अशी दुरुस्ती मांडली. विचार, श्रद्धा आणि उपासना यांचे स्वातंत्र्य सर्वांना देणाऱ्या उद्देशिकेशी हे विसंगत आहे, असा आक्षेप सभेचे दुसरे सदस्य हृदयनाथ कुंझरू यांनी घेतला. 41 विरुद्ध 68 मतांनी दुरुस्ती पडली. कामतांनी आपली श्रद्धा दाराबाहेर काढून ठेवली नव्हती आणि कुंझरूंनी तिची टवाळीही केली नाही. श्रद्धेतून आलेली मागणी सभेपुढे आली, तपासली गेली आणि नाकारली गेली. पुढे 25 नोव्हेंबरच्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी कामत आणि वऱ्हाडचेच पंजाबराव देशमुख यांची नावे सभेतल्या बंडखोरांत घेतली, आणि त्यांच्या सूचना आपण स्वीकारल्या नाहीत म्हणून त्यांचे मोल कमी होत नाही, असे सांगितले. या सगळ्याला संवाद म्हटले तर त्यातला विरोधच पुसला जाईल.

दिवाणी न्यायालयातल्या वादी-प्रतिवादींना आजही कोणी भांडखोर समजत नाही. बातमीदारांनीही गोंधळाला गोंधळ म्हणावे आणि ‘वाद’ हा शब्द त्यात खर्ची घालू नये.