'सेटल्ड' आणि 'क्लोज्ड'

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "काका, कार्डाचे दीड लाख थकलेत. वसुलीवाला साठ हजारांत मिटवतो म्हणतोय, नाहीतर सरळ दिवाळखोरी जाहीर करतो." तुझ्या आवाजात झोप उडालेली कळत होती. घाईत काही सांगण्यापेक्षा लिहावं म्हटलं.

दिवाळखोरीचं आधी. 2016 चा कायदा आहे खरा, पण त्यातला व्यक्तींसाठीचा भाग डिसेंबर 2019 पासून लागू झाला तो कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरताच. तुझ्यामाझ्यासारख्याला 1909 आणि 1920 च्या जुन्या नादारी कायद्यांखालीच कोर्टात जावं लागतं. दीड लाखासाठी त्या वाटेला जाऊ नकोस.

आता सेटलमेंट. 2011 मध्ये मीही एका कार्डाचं असंच मिटवलं आणि सुटलो म्हणून पेढे आणले. चार वर्षांनी घराच्या कर्जाला गेलो, तेव्हा मॅनेजरबाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवून एका ओळीवर बोट ठेवलं. 'सेटल्ड'. पगार चांगला, बाकीचे हप्ते वेळेवर, तरी फाईल तिथेच अडली. पूर्ण फेडलं तर 'क्लोज्ड', बँकेला काही रकमेवर पाणी सोडावं लागलं तर 'सेटल्ड'. हा फरक मला तेव्हा कुणी सांगितला नव्हता.

तुझा सिबिल रिपोर्ट, म्हणजे तुझ्या कर्जफेडीची नोंदवही, उघड. 'सेटल्ड' किंवा 'क्लोज्ड' हा शेरा त्यातच असतो. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. नुसता स्कोअर बघू नकोस, खात्याखालचे महिन्यांचे चौकोन बघ. 36 महिन्यांचे असतात. वेळेवर भरलं तिथे 000, रखडलं तिथे किती दिवस ते: 030, 060, 090. दर महिन्याला नवा चौकोन येतो आणि शेवटचा गळतो, म्हणजे आजचे 090 तीन वर्षांनी त्या रांगेत नसतील. 'सेटल्ड'चा शेरा मात्र तसा गळत नाही. 'सात वर्षांनी आपोआप पुसतं' असं तुला दहा जण सांगतील. नियमातली सात वर्षं ही माहिती जपून ठेवायची किमान मुदत आहे, पुसायची तारीख नव्हे.

मी शेवटी बँकेला पत्र लिहून सोडलेली रक्कम भरली, काही बाकी नाही असं 'नो ड्यूज' पत्र घेतलं आणि शेरा बदलून घेतला. हेलपाटे फार झाले.

म्हणून आधी बँकेतच जा आणि पूर्ण रकमेचे हप्ते पाडून माग. अगदीच झेपत नसेल तर सेटलमेंट कर, त्यात लाज कसली? पण फोनवरच्या शब्दावर एक रुपयाही भरू नकोस. बँकेच्या लेटरहेडवर रक्कम आणि तारीख आली की मगच भर, आणि ते पत्र जपून ठेव. पुढे छोटी एफडी ठेवून तिच्यावर कार्ड घे, त्यावर फक्त किराणा आणि पेट्रोल, बिल दर महिन्याला पूर्ण. नवे 000 असेच जमतात.

पैसे भरूनही शेरा चुकीचा राहिला तर तक्रार नोंदव. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे.

रविवारी जेवायलाच ये. रिपोर्ट छापून आण, आणि वसुलीवाल्याला तोवर हो म्हणू नकोस.

तुझा,
काका