निवतीच्या सुट्टीसाठी चार लाखांची मेंबरशिप?

प्रश्न : डोंबिवलीत राहतो, चौघांचं कुटुंब. दरवर्षी आठवडाभर सिंधुदुर्गातल्या निवतीसारख्या शांत मच्छीमारी गावात जायचंय. एक हॉलिडे क्लब 4 लाखांत 25 वर्षं, वर्षाला 7 रात्री देतोय. मेंटेनन्स वर्षाला 18,000 वेगळा. परवा 20,000 टोकन भरलं. एफडी मोडू का?

उत्तर : मोडू नका. 7 टक्के व्याज धरलं, तर हेच 4 लाख 25 वर्षांत मुद्दलासकट संपवत काढले तरी दरवर्षी सुमारे 34,300 हाती येतात. मेंबरशिप घेतलीत तर हे पैसे गेले. त्यात मेंटेनन्स मिळवा : 52,300, म्हणजे रात्रीला साडेसात हजार. जेवण, प्रवास वरून. मेंटेनन्स वर्षाला 6 टक्क्यांनी वाढला, तर दहा वर्षांनी 32,000 च्या वर जातो, आणि तुम्ही गेलात-न गेलात तरी भरावाच लागतो. होमस्टेचे दरही वाढतील, पण न गेलेल्या वर्षी खर्च शून्य. मुळात निवतीत क्लबचं रिसॉर्ट आहे का, हे एजंटाला विचारलंत का?

होमस्टेचा ढोबळ हिशेब असा : खोली 2,200 प्रमाणे 7 रात्री 15,400, जेवणखाण तितकंच, ठाणे-कुडाळ थर्ड एसी जाऊन-येऊन 8,000, रिक्षा-होडी 4,000. एकूण 42,800. महिना 3,500 ची आरडी वर्षाला 43,600 च्या आसपास जमवते.

हिशेब बिघडतो तो ताटात. बांगड्याच्या थाळीचा दर ठरलेला असतो. सुरमई-पापलेट ‘बाजारभावाने’, म्हणून ऑर्डरआधी भाव विचारा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, तेव्हा ताजी मासळी कमी आणि महाग. नाताळाच्या आठवड्यात खोल्यांचे दर चढतात. जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी उत्तम, मात्र आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख आधी बघा, नाहीतर कोकण रेल्वेत जागा मिळायची नाही. तिकीट 60 दिवस आधी सुटतं. रोकड कुडाळलाच काढा. नेटवर्क गेलं की यूपीआय बसतं. सकाळी किनाऱ्यावर रापण, म्हणजे मोठं जाळं, ओढत असतील तर बघायला पैसे पडत नाहीत.

आता टोकन. अशा करारांत बहुधा 10 दिवसांत रद्द करण्याचं कलम असतं. आजच ते शोधा, रद्द करत असल्याचं ईमेलने लेखी कळवा, पावती जोडा. फोनवरच्या ‘बघतो साहेब’वर थांबू नका, मुदत तेवढ्यात निघून जाते.