शंका-समाधान : कोणत्या रोधातून किती धारा?

प्रश्न : १२ व्होल्टच्या बॅटरीला ४ ओहमचा रोध एकसर जोडणीत आणि त्यापुढे १२ व ६ ओहमचे दोन रोध समांतर जोडणीत आहेत. समांतर रोधांतून मी अनुक्रमे १ व २ अँपिअर धारा काढली. ती चूक का?

उत्तर : तुम्ही समांतर रोधांना बॅटरीचे पूर्ण १२ व्होल्ट दिलेत, घोटाळा तेथेच आहे, वाटेतला ४ ओहमचा रोध आपला वाटा आधीच काढून घेतो. प्रथम समांतर जोडी एकत्र करावी : गुणाकार ७२ भागिले बेरीज १८, म्हणजे ४ ओहम. (हे उत्तर दोहोंतील लहान रोधाहूनही कमी यायला हवे, तसे न आल्यास पुढे जाऊच नये.) त्यात एकसर रोध मिळवल्यावर परिणामी रोध ८ ओहम होतो आणि ओहमच्या नियमानुसार (धारा म्हणजे व्होल्ट भागिले ओहम, येथे १२ भागिले ८) बॅटरीतून १.५ अँपिअर धारा निघते. ही सगळी धारा ४ ओहमच्या रोधातून जात असल्याने तेथे ६ व्होल्ट खर्ची पडतात व समांतर जोडीच्या टोकांना उरलेले ६ व्होल्टच मिळतात. म्हणून १२ ओहममधून ०.५ आणि ६ ओहममधून १ अँपिअर धारा वाहते. तुमच्या उत्तरांची बेरीज ३ अँपिअर, म्हणजे बॅटरी देते त्याच्या दुप्पट येते, हे खरे तर वहीतच खटकायला हवे होते.