नवऱ्याजवळ मी आपणहून गेले तर तो म्हणाला, "हे कुठं शिकलीस?" माझं चुकलं का?

नाही ताई, तुझं काहीच चुकलं नाही. लग्नाला चार वर्षं झाली आणि त्या एका वाक्यानं तुझी आठ दिवस झोप उडाली, हे वाचून जीव तुटला.

मी अमळनेरकडच्या एका गावात आशा सेविका म्हणून काम करते. घरोघरी पाळीची तारीख, मुलं किती, ऑपरेशन झालं का, पाळणा लांबवायचं 'अंतरा'चं इंजेक्शन तीन महिन्यांनी घेतलं का, सगळं विचारते. तुला जवळीक हवीशी वाटते का, हे मात्र बाईला तिचा नवराही विचारत नाही. मूल होईपर्यंत तिच्या शरीराची चर्चा अख्खं घर करतं. तिला स्वतःला काही हवं म्हटलं की ती चवचाल.

बायकांना कळत नाही असं थोडंच आहे? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी झोक्यावर कसली कसली गाणी म्हणतात, ऐकलीच असशील. एकदा आत्याकडे पाच-सहा जणी खापरावर मांडे टाकत होत्या. कोणाचा नवरा भिंतीकडे तोंड करून झोपतो, कोणाचा रात्रभर जागवतो, पदर तोंडाशी धरून नुसत्या हसत होत्या. तेवढ्यात आत्याचे सासरे ओट्यावर खाकरले. लगेच सगळ्या पुरणात गूळ जास्त झाला का, यावर बोलायला लागल्या.

गावातल्या एकीची खाट नातू झाल्यावर सासूनं माजघरात, स्वतःच्या शेजारी आणली. वय ४२. हंडा उचलता उचलता ती मला म्हणाली, "नातू व्हयना म्हनीसन मना जीव मरना का?" म्हणजे, नातू झाला म्हणून माझा जीव मेला का? मला उत्तर सुचलं नाही, नुसता तिचा हात धरला.

संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांनी आपल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकातून बाईलाही कामसुखाचा हक्क आहे हे सांगितलं. वाचकांच्या असल्याच प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले. म्हणून तू विचारलंस याचं मला फार बरं वाटलं.

नवऱ्याशी बोल, पण अंथरुणात नको. जेवणं उरकल्यावर, तो निवांत असताना. भांडू नकोस. एवढंच विचार, "तू जवळ येतोस तेव्हा, कुठं शिकलास, असं मी कधी विचारलं का?"