फेब्रुवारी-मार्चमध्ये कोकणातल्या खाडीत गळाने जिताडा मिळतो का? ट्राउटसाठी घेतलेला हलका रॉड चालेल का?

मिळतो, पण तिथी बघून गेलात तर. हलक्या रॉडचं शेवटी सांगतो.

जिताड्याला ऊब लागते. थंडी सरताना खाडीचं पाणी गारच असतं, मासा खोलात सुस्त पडून असतो आणि आमिषामागे धावत नाही. मात्र सकाळी उघडा पडलेला खाजणातला चिखल उन्हाने तापतो. दुपारच्या भरतीचं पाणी त्यावर चढतं आणि कोमट होऊन उतरतं, येताना कोळंबी आणि बारके बोय मासे घेऊन येतं. म्हणून या दोन महिन्यांत दुपारी भरती आणि संध्याकाळी सुकती (ओहोटी) असे दिवस धरायचे.

हिशोब जुनाच: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन. शुद्ध पक्ष असो की वद्य. सुकती साधारण सहा तास चालते, त्यातले शेवटचे दोन तास कामाचे. पुनव-अवसेनंतर एक-दोन दिवस उधाणाचा जोर टिकतो, त्यामुळे द्वितीया ते चतुर्थी उत्तम. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याला ओढच नसते. तेव्हा घरी बसलेलं बरं. तिथीवरून काढलेली भरतीची वेळ खाडीच्या मुखाची आहे, आत जावं तसा उशीर होतो.

जागा म्हणजे खारबंधाऱ्याची मोरी, ओहोळाचं तोंड किंवा पुलाचे खांब. मोरीतून पाणी जोरात सुटतं तेव्हा धारेच्या दोन्ही अंगांना ते उलटं फिरतं. जिताडा त्या सीमेवर, धारेच्या जरा बाहेर दबा धरतो. बहुतेक जण गळ नेमका धारेच्या मधोमध टाकतात, आणि आमिष माशासमोरून भुर्रकन निघून जातं. वरच्या बाजूला टाका आणि वाहत वाहत त्या कडेवर येऊ द्या. शिसं 5 ते 10 ग्रॅम, तळाला रुतणार नाही इतपतच.

आमिष जिवंत कोळंबी. डोक्यावरच्या करवती काट्याखाली आत एक काळा ठिपका दिसतो, गळ त्याच्या पुढून आडवा घाला. ठिपका टोचला की कोळंबी मेली. बादलीत त्याच खाडीचं पाणी घ्या, बॅटरीवरचा एअर पंप लावा आणि बादली सावलीत ठेवा.

ब्रेड (विणलेली दोरी) 20 पौंडी, पुढे गळापर्यंत तीन फूट 40 पौंडी लीडर (जाड तंगूस), गळ 3/0 सर्कल (टोक आत वळलेला). लीडर जाड लागतो, कारण जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी असते. बारीक तंगूस तिथेच कापला जातो. प्रत्येक माशानंतर लीडरवरून नख फिरवा, खरखरीत लागला तर तेवढा तुकडा कापून गळ परत बांधा. सर्कल गळाला हिसका द्यायचा नाही. दोरी ताणली गेली की नुसतं रीळ फिरवत राहा. मासा उडी मारायला वर आला की रॉडचं टोक पाण्याकडे झुकवा, नाहीतर डोकं झटकून गळ फेकून देतो. जिताड्याऐवजी तांबोशी मासा लागला तर उलट वागायचं: पहिल्या दोन-तीन सेकंदांत ड्रॅग (रिळाचा ब्रेक) घट्ट ठेवून थोपवा. एकदा खारफुटीच्या मुळांत शिरला की विसरा.

आता तुमचा 4-8 पौंडी रॉड. मोरीवर तो नेऊ नका. रत्नागिरीजवळ भाट्ये किंवा काळबादेवीच्या रेतीवर मुडदुशी हा लहान मासा गरवायला मात्र झकास: 8 नंबरचा गळ, सोललेल्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा, चढती भरती. (ट्राउट इथे शोधू नका, त्याला गार, गोडं पाणी लागतं.)

चिखलात पाय उचलून टाकू नका, घासत सरकवा, म्हणजे खाली पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) असेल तर निघून जाते. शिंगाळा माशाचा काटा लागला तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरून ठेवा, कळ उतरते; मग डॉक्टरकडे जा. आणि वाशिष्ठीत चिपळूणच्या बाजूला मगरी आहेत, तिथे अंधारात पाण्यात उभं राहून गरवू नका.