आधी घातपात म्हणू नकोस

विमान पडलं की संध्याकाळपर्यंत गल्लीतला प्रत्येक जण कारण सांगतो. तू तपास करणार आहेस, तू सांगू नकोस. १ जानेवारी १९७८ ला मुंबईहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं जम्बो वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं, २१३ जण गेले. पहिला संशय घातपाताचाच. कॉकपिटमधलं ध्वनिमुद्रित बोलणं ऐकल्यावर चित्र पालटलं. उजवं वळण घेऊन विमान सरळ झालं होतं, पण कॅप्टनसमोरचं कल दाखवणारं यंत्र उजवीकडेच अडकलेलं. त्याने विमान डावीकडे कलवलं, कलवतच राहिला. बाहेर रात्र, खाली काळा समुद्र. क्षितिज दिसणार कुठून? तरी ‘यंत्र बिघडलं’ हे अर्धंच उत्तर. कॉकपिटमध्ये अशी आणखी यंत्रं होती, मग त्यांच्याशी ताळा का जुळवून पाहिला नाही, हे विचार.

अवशेषांना हात लावण्याआधी फोटो काढ. जुन्या विमानांचे चिमुकले इशारादिवे तर जपूनच ठेव, भिंगाखाली बघ. आदळताना दिवा पेटलेला असेल तर गरम तार ताणून लांबलेली सापडते. विझलेल्या दिव्याची तार तशी ताणत नाही, तुटलीच तर कडकन तुटते.

आणि हो, ब्लॅक बॉक्स नारिंगी असतो. काळा डबा शोधत बसशील!