बांधावरचा वाळा आणि मुळांचा खरेदीदार

जून जवळ आला की वाळ्याबद्दल, म्हणजे बांधावर माती धरणाऱ्या सुगंधी मुळांच्या गवताबद्दल, विचारणा सुरू होते, आणि दरवर्षी तीच. त्यातले सहा प्रश्न इथे घेतो.

वाळ्याला खस म्हणतात. मग त्यापासून खसखस किती वर्षांनी मिळते?

कधीच नाही. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी, आणि परवान्याशिवाय अफू लावणं हा 1985 च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

वाळ्याचं बी ऑनलाइन मिळतंय. मागवू का?

नको. बांधासाठी लावतात तो दक्षिणेकडचा वाळा. त्याला तुरे येतात पण रुजणारं बी धरत नाही, म्हणूनच तो पिकात पसरत नाही. उत्तरेतल्या रानवाळ्याला बी धरतं, आणि नेमका तोच बांधावर नको असतो. ठोंब, म्हणजे मुळांसकट फुटव्यांचा जुडगा, आणा. जात कोणती ते विक्रेत्याकडून लेखी घ्या.

उताराच्या शेतात बांधावर चार वर्षांचा वाळा आहे. एक खरेदीदार मुळं मागतोय. ‘मुळं खणून नेतो, फुटवे परत लावून देतो, वर्षात बांध होता तसा’ असं म्हणतो. देऊ का?

देऊ नका. वर्षात होता तसा होतो हे त्याला कोणी सांगितलं?

एखाद्या जोराच्या पावसात छत्री घेऊन बांधावर उभे राहा. वरच्या अंगाला गढूळ पाणी थबकलेलं दिसेल, पाचोळा पात्यांना अडकलेला, आणि खालच्या अंगाने पाणी पसरून, संथपणे झिरपत बाहेर पडताना दिसेल. गाळ मागे राहतो. त्या गाळात वाळा वरच्या पेरांना नवी मुळं फोडतो आणि गाळाबरोबर स्वतःही वर चढतो. तुमच्या बांधाची पायरी अशी चार पावसाळ्यांत बसली आहे. मुळं तीन-तीन मीटर सरळ खाली जातात, आडवी फारशी पसरत नाहीत, म्हणून शेजारच्या पिकाला त्यांचा जाच नाही.

आता ती मुळं काढायची तर कुदळीने चर खणावा लागतो. उतारावर, ऐन बांधात, भुसभुशीत मातीचा चर! वर लावलेले फुटवे जीव धरेपर्यंत पाऊस थांबणार आहे का? सबंध रांग काढली तर नुकसान, आणि मधली थोडीच काढली तर त्याहून वाईट, कारण अडलेलं सगळं पाणी त्या खिंडारातून सुटतं. दहा फूट रांग विकलेलं एक शेत मी पाहिलंय. दोन पावसांत तिथे गुडघाभर घळ पडली होती.

कर्नाटकात गुंडलुपेटकडचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या वाळा शेताच्या हद्दीवर राखत आले. 1980 च्या दशकात जागतिक बँकेच्या पाणलोट कामांतून या रांगांचा प्रसार झाला, तो माती धरण्यासाठी. मुळं विकायची असतील तर सपाट जागी वेगळा वाफा करा. आणि खरेदीदाराला उत्तर देण्याआधी कृषी सहायकाला उतार दाखवा.

तेलासाठी एक एकर लावायचाय. कंपनी ठोंब देते आणि मुळं परत घेण्याची हमी देते.

आधी ऊर्ध्वपातनाची, म्हणजे वाफेवर तेल काढण्याची, सोय कुठे आहे ते शोधा, मग ठोंब. मुळं 15 ते 18 महिन्यांनी निघतात. शंभर किलो सुक्या मुळांतून किलोच्या आतबाहेर तेल निघतं, आणि तेही भट्टी रात्रंदिवस पेटती ठेवून. जमीन हलकी, वाळूमिश्रित हवी. चिकण मातीत मुळं तुटून निम्मी आतच राहतात. लखनौच्या सिमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेने केएस-1, केसरी, धारिणी असे वाण दिले आहेत, त्यांची चौकशी तिथेच करा. ‘हमी’च्या कागदात वजन कोण करणार, ओलं की सुकं, हे लिहिलेलं नसेल तर तो कागद ठोंब खपवण्यापुरता आहे. सही करण्याआधी वकिलाला वाचायला द्या.

तापात वाळ्याचं पाणी चालतं का? बाजारातलं हिरवं खस सरबत चालेल?

आयुर्वेदात तापासाठी सांगितलेल्या षडंगपानीयात, म्हणजे सहा औषधी घालून उकळलेल्या पाण्यात, वाळा आहे, ‘उशीर’ या नावाने. पण कोणाला, किती, कधी, हे वैद्यच सांगतील. ताप अंगावर काढू नका. सरबताचा हिरवा रंग वाळ्याचा नाही. मुळं तपकिरी असतात, आणि पाण्यात टाकली तर पाणी हिरवं होत नाही. माठात टाकायची जुडी आधी चोळून धुवा, माती निघते ती बघाच.

बांध कापला जातोय, पण यंदा सवड नाही. पुढच्या वर्षी लावलं तर?

संस्कृतात वाळ्याचं नाव उशीर आहे. ते लावणाऱ्यासाठी नाही. सगळा बांध जमत नसेल तर जिथे पाणी कापतंय तिथली वीस फूट लावा. एका ठोंबाला दोन-तीन फुटवे, पात वीतभर ठेवून छाटलेली, दोन ठोंबांत 10 ते 15 सेंटिमीटर अंतर, रांग समपातळीत. झाडाच्या सावलीत लावू नका. समपातळी डोळ्याने ठरवू नका, कृषी सहायकाकडून आखून घ्या. ऑगस्टमध्ये एकदा फिरून मेलेल्या ठोंबांचे नांगे भरा.